कळांमधला ताप आणि तो अर्धा तास

ताई, बहिणीला एपिड्युरलनंतर (कळांच्या वेदना कमी करायला पाठीत देतात ते औषध) १००.६ ताप आला, डॉक्टरांनी अर्ध्या तासाने पुन्हा मोजला आणि मगच अँटिबायोटिक लावलं. तो अर्धा तास वाया गेला का, असं तुम्ही विचारलंय. पुण्यात लेबर रूममध्ये सिस्टर म्हणून १९ वर्षं काढलीत, त्यावरून सांगते: नाही गेला.

एका रात्रपाळीत एकीचा ताप १०१ भरला. मी घाईघाईने डॉक्टर मॅडमना उठवलं. त्यांनी आल्या आल्या खाटेजवळचा थर्मास बघितला. सासूबाईंनी नुकताच कढत चहा पाजला होता! वीस मिनिटांनी ताप ९९. तेव्हापासून मी आधी तोंडात काय गेलंय ते विचारते.

ताप १०२.२ किंवा जास्त असेल तर मात्र वाट बघत नाहीत, गर्भाशयात जंतुसंसर्ग धरूनच औषध सुरू करतात. १००.४ ते १०२.२ च्या मधे असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचा. पण तेवढ्यात हातावर हात ठेवून बसत नाहीत. बाळाचे ठोके दहा मिनिटं १६० च्या वर राहतात का, अंगावरून पू किंवा घाण वासाचं पाणी जातंय का, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का, हे बघतात. यातलं एक जरी सापडलं तरी लगेच औषध. एकट्या पांढऱ्या पेशींवर मात्र माझा भरवसा नाही. नुसत्या कळांनीही त्या वाढतात, बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइड दिलं असेल तरी वाढतात.

एपिड्युरलने जंतूंशिवायही ताप येतो, हे खरं. पण बाहेरून दोन्ही ताप सारखेच दिसतात. म्हणून ताप टिकला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर बहुतेक डॉक्टर औषधाकडे झुकतात. मलाही तेच पटतं. (पावसाळ्यात इथे डेंग्यू, मलेरियाही डोक्यात ठेवावा लागतो. लघवीचा संसर्ग तर बाराही महिने.)

सहसा शिरेतून ॲम्पिसिलिन आणि जेंटामायसिन देतात. पॅरासिटामॉलने ताप उतरेल, संसर्ग नाही. आणि नुसत्या या तापासाठी सिझर करत नाहीत, नातेवाइकांनी त्यासाठी हट्ट धरू नये.

आता बाळाच्या डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगा: ताप जास्तीत जास्त किती गेला, गर्भाचं पाणी किती वाजता गेलं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जन्माच्या किती आधी मिळाला. बाळाला किती तास नजरेखाली ठेवायचं, ते त्यावरून ठरवायला त्यांना सोपं जातं.