झीनचे कण, करक्युमिन आणि डायलिसिसची पिशवी

प्रिय मित्रा,

मक्यातल्या झीन या प्रथिनाच्या नॅनोकणांत करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य, इथे आपलं औषध) भरायचं ठरवलंस, हे चांगलं केलंस. तुळशीच्या अर्कात सिल्व्हर नायट्रेट टाकून केलेल्या चांदीच्या कणांनाही लोक वनस्पतीजन्य म्हणतात, पण तिथे कण शेवटी चांदीचाच असतो. तुझ्याकडे औषध वाहून नेणारा कणच वनस्पतीचा आहे.

झीन पाण्यात विरघळत नाही, निव्वळ इथेनॉलमध्येही नाही. ७० ते ८५ टक्के इथेनॉलमध्ये मात्र छान विरघळतं. सगळी कृती याच गुणावर उभी आहे. ८० टक्के इथेनॉलच्या १० मिलीत १०० मिग्रॅ झीन आणि १० मिग्रॅ करक्युमिन घाल. करक्युमिन उजेडात टिकत नाही, म्हणून फ्लास्कला फॉइल गुंडाळ. तासभर ढवळून द्रावण नितळ झालं की ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढ. दुसरीकडे ४० मिली पाण्यात १०० मिग्रॅ सोडियम केसिनेट विरघळवून पीएच ७ ला आण. (केसिनेट दुधातलं असतं, तेव्हा प्रबंधात 'संपूर्ण वनस्पतीजन्य' असं लिहू नकोस.) ते ८०० आरपीएमवर फिरत असताना सिरिंजची सुई पाण्याखाली, मॅग्नेटजवळ धर आणि झीनचं द्रावण मिनिटभरात सोड. थेंब थेंब टाकत बसू नकोस. मिसळणं जितकं झटपट, तितके कण लहान आणि एकसारखे होतात.

दुधाळ पिवळा रंग आला तर जमलं. मॅग्नेटला रबरासारखा गोळा चिकटला तर पीएच आधी तपास. ६.२ च्या आसपास झीनवरचा विद्युतभार शून्यावर येतो आणि कण एकमेकांना चिकटतात. पीएच ठीक असेल तर झीन जास्त पडलंय किंवा ढवळणं मंद आहे. मग रोटरीवर (निर्वातात द्रावक उडवणारं फिरतं यंत्र) ४० अंशाला इथेनॉल उडव. व्हॅक्यूम हळूहळू वाढव, नाहीतर फेस वर चढतो. डीएलएसमध्ये (प्रकाश विखुरण्यावरून कणांचा आकार मोजण्याची पद्धत) १०० ते २०० नॅनोमीटर आणि पीडीआय (आकारांतल्या फरकाचं माप) ०.२ च्या खाली आला की पुढे जा.

आता खरा कस लागतो. औषध किती भरलं गेलं, हे काढायची रुळलेली पद्धत अशी: सेंट्रिफ्यूज करायचं, वरच्या पाण्यातलं करक्युमिन मोजायचं आणि एकूणातून वजा करायचं. उत्तर ९५ टक्क्यांच्या वर येतं, आणि त्यावर विश्वास ठेवू नये. करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जे कणात शिरलं नाही ते स्फटिक होऊन कणांसोबतच तळाशी बसतं आणि हिशेबात 'भरलेलं' ठरतं. त्याऐवजी आधी १००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) वर १० मिनिटं फिरव. ट्यूब उजेडात धर. तळाशी नारिंगी टिकली दिसली तर ते स्फटिक. कण वरच तरंगतात. वरचा भाग ८० टक्के इथेनॉलमध्ये शंभरपट पातळ कर, रिकाम्या कणांचा ब्लँक (तुलनेचा औषधाविना नमुना) तसाच बनव आणि ४२५ नॅनोमीटरला प्रकाशशोषण वाच. बारीक स्फटिक वर राहिल्याची शंका उरते, म्हणून सुकवलेल्या पावडरीचं एक्सआरडी (स्फटिक ओळखणारी क्ष-किरण चाचणी) करून घे.

कण डायलिसिसच्या पिशवीत भरून बफरमध्ये सोडायचे आणि औषध किती वेळात बाहेर येतं ते मोजायचं, त्या रिलीजच्या आलेखात तर फसगत आणखी सोपी. पीएच ७.४ च्या साध्या फॉस्फेट बफरमध्ये करक्युमिन अर्ध्या तासात बहुतेक मोडून जातं. बाहेर पडलेलं औषध नाहीसं होतं, तुला कमी दिसतं, आणि ते संथ रिलीजसारखं भासतं. म्हणून बफरमध्ये ०.५ टक्के ट्वीन ८० (साबणासारखं, औषध विरघळवून धरणारं द्रव्य) घाल आणि त्या माध्यमात करक्युमिन किती तास टिकतं ते वेगळं तपास. त्याची विद्राव्यताही आधी काढ: २ मिग्रॅ औषध २०० मिलीत सोडणार असशील, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम, तर ती किमान तिप्पट, मिलीला ३० मायक्रोग्रॅम हवी. शेवटच्या नमुन्यानंतर पिशवी उघडून आत उरलेलं मोज. बाहेरचं आणि आतलं मिळून टाकलेल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचत नसेल, तर तो आलेख वापरू नकोस.

दुसऱ्या पिशवीत तेवढंच मोकळं करक्युमिन, त्याच ट्वीनमध्ये विरघळवून, शेजारी लाव. कोर्समेयर-पेपास समीकरण (औषध कोणत्या रीतीने बाहेर पडतं ते सांगणारं) पहिल्या ६० टक्के रिलीजपुरतंच बसव. पण दोन्ही पिशव्यांचे आलेख एकमेकांवर पडत असतील, तर ते बसवूच नकोस. दिसणारी गती पिशवीच्या पडद्याची आहे, कणांची नाही.

सस्नेह,
तुझा मार्गदर्शक