जुन्या इंग्रजी बातम्यांतला 'इन्स्टंट': महिना कोणता धरायचा?

१८०५ सालच्या लंडनच्या कात्रणात '२१ इन्स्टंट' असं छापलंय, म्हणजे बातमी तातडीची होती का, असं तुम्ही विचारलंय. तातडीशी त्याचा संबंध नाही. तारखेला जोडून आलेला 'इन्स्टंट' म्हणजे 'चालू महिन्याची'. त्याची भावंडंही त्याच काळात सर्रास भेटतात: 'अल्टिमो' म्हणजे गेल्या महिन्याची, 'प्रॉक्सिमो' म्हणजे येत्या. तिन्ही लॅटिनमधून आलेले, आणि छापताना बहुतेकदा 'इन्स्ट.', 'अल्ट.', 'प्रॉक्स.' असे तोडलेले. पेशवेकालीन कागद वाचणाऱ्यांना 'साल मजकूर' (चालू साल) आणि 'साल गुदस्त' (गेलं साल) ओळखीचे असतील. तशीच ही सोय, फक्त महिन्यापुरती.

ग्यानबाची मेख पुढेच आहे. चालू महिना म्हणजे कोणाचा? मजकूर लिहिणाऱ्याचा. छापणाऱ्याचा नव्हे!

इंग्रजांच्या आरमारानं फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराशी केलेल्या ट्रफल्गारच्या लढाईचंच बघा. इंग्रजांचा सेनापती नेल्सन लढाईत मारला गेल्यावर त्याच्या हाताखालच्या कॉलिंगवुडनं २२ ऑक्टोबर १८०५ ही तारीख घालून आरमार खात्याला खलिता लिहिला. 'पिकल' नावाच्या छोट्या जहाजानं तो इंग्लंडला आणला, ६ नोव्हेंबरला पहाटे एकच्या सुमारास तो लंडनला पोचला आणि त्याच दिवशीच्या 'लंडन गॅझेट' या सरकारी पत्राच्या विशेष अंकात जसाच्या तसा छापला गेला. खलित्यात शत्रूचं आरमार बाहेर पडल्याची खबर '१९ इन्स्टंट'ला मिळाली आणि लढाई 'सोमवार, २१ इन्स्टंट'ला झाली, असं आहे. अंक नोव्हेंबरचा असला तरी दोन्ही तारखा ऑक्टोबरच्या. इथं घोटाळा लगेच ध्यानात येतो, कारण ६ नोव्हेंबरच्या अंकात २१ नोव्हेंबरची लढाई असणं शक्यच नाही. पण '३ इन्स्ट.' असतं तर? सहज नोव्हेंबर धरला गेला असता.

म्हणून आधी पत्राच्या डोक्यावरचं गाव आणि तारीख शोधा. एका वृत्तपत्रानं दुसऱ्याचा मजकूर उचलून छापणं तेव्हा रोजचंच होतं, तेव्हा मूळ मजकूर कुठला आणि कधीचा हेही तपासा. वार दिला असेल तर तो सर्वांत भरवशाचा साक्षीदार: २१ ऑक्टोबर १८०५ ला सोमवार होता, २१ नोव्हेंबरला गुरुवार. जानेवारीतल्या पत्रात 'अल्ट.' दिसलं तर जास्तच सांभाळा. तो आदल्या सालचा डिसेंबर असतो, आणि तिथं घाई केली की आख्खं वर्ष चुकतं.

स्कॅन केलेल्या अंकांत शोध घेताना 'ऑक्टोबर २१' टाकून काही सापडलं नाही, तर बातमीच नाही असं समजू नका. महिन्याचं नावच छापलेलं नसतं. आकड्यापुढे 'इन्स्ट.' किंवा 'अल्ट.' जोडून पुन्हा शोधा, आणि घटनेनंतरच्या दोन-तीन महिन्यांचे अंकही चाळा. दूरच्या मुलखातल्या बातमीला तेवढा प्रवास लागत असे.

कात्रणाचा वरचा भाग मिळाला तर त्यावरची तारीख इथं टाका, महिना नक्की करून देतो.