किती काढले ते नको, किती तासात काढले ते सांग

अरे,

फोटो मिळाला तुझा. गवतावर ओळीने मांडलेले मासे, मागे तू रॉड खांद्यावर टाकून उभा, आणि खाली लिहिलंयस "काका, ४३ काढले, साफसफाई सुरू". मी खरंच मोजले, ४२ भरले. ते जाऊ दे. डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक मासा आहे, त्याच्याबद्दल नंतर बोलतो.

उत्साह बघून बरं वाटलं हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे सगळी कटकटच आहे. बाहेरची जात पाण्यात शिरली की लोक काठावर उभं राहून हळहळतात आणि घरी जातात, तू निदान गळ घेऊन उतरलास. पण फोटो बघून मला पहिला प्रश्न पडला तो हा की हे ४३ का ४२ मासे काढायला तुला किती वेळ लागला. ते तू लिहिलंच नाहीस. कोणीच लिहीत नाही.

असं बघ, समज आज तू ४ तास बसलास आणि ४० मासे मिळाले, म्हणजे तासाला १०. सहा महिन्यांनी परत गेलास, परत ४० मिळाले पण त्याला १६ तास घालवावे लागले, म्हणजे तासाला अडीच. बादली दोन्ही वेळी तेवढीच भरली, फोटोही सेम दिसेल, पण पाण्यात काहीतरी बदललंय. आणि उलटं झालं, म्हणजे वर्षभर रविवारचा रविवार जाऊन तू हजारभर मासे काढलेस आणि अजून तासाला १०च मिळतायत, तर बाबा तू फक्त वाढीव मासे उचलतोयस, मूळ भांडवलाला हात लागलेला नाही. याला मत्स्यशास्त्रवाले कॅच पर युनिट एफर्ट म्हणतात, नाव भारदस्त आहे पण काम चौथीच्या भागाकाराचं.

म्हणून एक वही कर. तारीख, किती वाजता पहिला गळ पाण्यात पडला, किती वाजता शेवटचा काढला, रॉड किती (दोन रॉड तीन तास म्हणजे सहा रॉड-तास, हे विसरू नको), जागा, आमिष कोणतं, पाणी गढूळ का स्वच्छ. आणि प्रत्येक माशाची लांबी. आणि हो, ज्या दिवशी काहीच लागलं नाही तो दिवसही लिहायचा, शून्य लिहायला लाज वाटते म्हणून लोक ते पान कोरं ठेवतात आणि मग सगळा हिशोब खोटा होतो. तुलना करताना तोच महिना, तीच जागा, तेच आमिष घे, कारण मासा पण शहाणा होतो, गळ ओळखायला लागतो, आणि आकडा खाली आला की आपल्याला वाटतं मासे कमी झाले.

अमेरिकेत कोलंबिया नदीवर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून एक स्कीम चालते, सॅमनची पिल्लं खाणारा नॉर्दर्न पाइकमिनो नावाचा मासा पकडून दिला की गळवाल्याला पैसे. तो मासा तिथलाच आहे, परका नाही, धरणांमुळे त्याचं फावलंय एवढंच, पण पद्धत बघण्यासारखी आहे. तिथे पाण्यात उतरायच्या आधी नाव नोंदवावं लागतं आणि मासे त्याच दिवशी आणून द्यावे लागतात. म्हणजे कोण कधी गेला, किती घेऊन आला, रिकाम्या हाताने कोण आला, सगळं कागदावर. काही माशांना आधीच टॅग लावून सोडतात, तो मिळाला तर मोठं बक्षीस, आणि टॅगवाले किती परत आले यावरून एकूण किती टक्के उचलले गेले ते कळतं. दरवर्षी मोठ्या माशांपैकी फक्त १० ते २० टक्के काढायचे एवढंच त्यांचं टार्गेट, संपवायचे नाहीत. तेवढ्यानेही पिल्लांची खाल्ली जाणारी संख्या ४० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते असा त्यांचा हिशोब.

आता लांबी कशाला लिहायची ते सांगतो, कारण तू म्हणशील काका उगाच पट्टी धरायला लावतात.

कॅलिफोर्नियात सीड्रिफ्ट नावाचं एक लगून, म्हणजे समुद्राजवळचं खारं तळं आहे, तिथे युरोपियन ग्रीन क्रॅब घुसला होता. मासा नाही खेकडा, पण धडा आपलाच आहे. २००९ पासून शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवकांनी मिळून सापळे लावले, सव्वा लाखाच्या आसपास खेकडे होते ते २०१३ पर्यंत दहा हजाराच्या खाली आणले. ९० टक्क्यांवर काम फत्ते. आणि पुढच्या एका वर्षात खेकडे ३० पट झाले, सुरुवातीला होते त्यापेक्षाही जास्त! कारण काय, तर मोठे खेकडे स्वतःच्याच जातीची पिल्लं खात होते. मोठे काढले आणि पिल्लांना रान मोकळं मिळालं. माशांतही हे होतं, मोठे काढले की उरलेल्यांना चारा भरपूर, पिल्लं जास्त जगतात, लवकर अंड्यावर येतात. त्यामुळे वहीत तासाचा आकडा कमी होत नाहीये आणि मासे मात्र दर महिन्याला बोटभर लहान होत चाललेत असं दिसलं की ओळखायचं, आपण मोठे वेचतोय आणि खाली पिल्लावळ माजतीये. तेव्हा गळाचा नंबर बदलायचा, बारीक गळ, बारीक आमिष, आणि नुसत्या गळाने भागणार नाही हे मान्य करून मत्स्य विभागाला किंवा पाण्याचा अभ्यास करणाऱ्या माणसांना वही दाखवायची, जाळं त्यांना लावू दे. तुझ्या फोटोत सगळे वीतभर आणि वर आहेत. बारीक लागले नाहीत का लागले ते सोडून दिलेस?

मोठं काम कसं असतं तेही सांगतो. अमेरिकेतल्या यलोस्टोन लेकमध्ये लेक ट्राउट हा परका मासा १९९४ साली सापडला. तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतो, तिथे अस्वलं, पक्षी, पाणमांजरं सगळे त्याच्यावर जगायचे. लेक ट्राउट मात्र खोल पाण्यात राहतो, अंडीही तलावातच घालतो, अस्वलाच्या हाताला तो कधीच लागत नाही, आणि वाढलेला एक लेक ट्राउट वर्षाला ४० च्या वर कटथ्रोट गिळतो. एका माशाच्या जागी दुसरा मासा आला असं वाटतं ना, पण उपाशी जंगल राहिलं. आतापर्यंत तिथून ४० लाखांपेक्षा जास्त लेक ट्राउट काढलेत, बहुतेक जाळ्यांनी, आणि तीस वर्षं झाली तरी काम चालूच आहे. गळवाल्यांना तिथे नियमच आहे, लेक ट्राउट लागला तर परत जिवंत सोडायचा नाही, आणि नको असेल तर हवेची पिशवी फोडून तलावातच खोल बुडवायचा, म्हणजे त्याच्यातलं सत्त्व त्याच पाण्यात राहतं.

पूर्ण संपवल्याचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचं लेक क्रेसेंट. १९९५ ला तिथे कार्प सापडला, आधी बाहेर जायच्या वाटा अडवल्या, अंडी घालायच्या उथळ जागा बंद केल्या आणि काही नर पकडून त्यांच्या अंगात रेडिओ ट्रान्समीटर बसवून परत सोडले. ते आपसूक कळपात जाऊन मिसळायचे आणि कळपाचा पत्ता द्यायचे, त्यांना ज्युडास कार्प म्हणायचे. घरभेदीच की! शेवटचा कार्प निघाला २००७ ला. एका बंदिस्त तलावाला १२ वर्षं, तीही पगारी माणसं लावून.

हे वाचून हिरमुसू नको, रविवारच्या गळाने काय होतं आणि काय नाही हे डोक्यात असावं म्हणून लिहिलं.

आता माझी चूक सांगतो, जी मी फार कमी लोकांना सांगितलीये. तुझ्यापेक्षा जरा मोठा असेन, मला एक ढब्बू कार्प लागला, देखणा, सोनेरी खवल्यांचा. त्या तळ्यात ते नकोत हे मला माहीत होतं पण मारवेना. म्हणून बादलीत घालून नेला आणि पलीकडच्या खाणीच्या डबक्यात सोडला, वर अजून एक, एकट्याला करमणार नाही म्हणून. स्वतःला फार दयाळू समजलो. तीनेक वर्षांनी त्या डबक्याचा तळ दिसायचा बंद झाला, कार्प तळाचा चिखल उकरून खातो ना, पाणी चहासारखं झालं, पाणवनस्पती गेल्या. कदाचित दुसऱ्या कोणी पण सोडले असतील, पण मी सोडले होते हे नक्की. ऑस्ट्रेलियात कार्प एवढा पसरला त्यात १९७४ च्या पुरांचा मोठा हात होता हे खरं, पण पुराच्या आधी तो पाण्यात नेऊन सोडणारा हात माणसाचाच होता. म्हणून हे अगदी कडक, जिवंत मासा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात न्यायचा नाही. उरलेलं जिवंत आमिष पाण्यात ओतायचं नाही. घरच्या टँकमधला मासा कंटाळा आला म्हणून सोडायचा नाही. आणि जाळी, बूट, बादली धुवून कडकडीत वाळवल्याशिवाय दुसरीकडे न्यायची नाही, ओल्या जाळ्यात अंडी, शिंपल्यांची पिल्लं, रोग सगळं प्रवास करतं.

मारायचं तर नीट मारायचं. गवतावर तडफडत ठेवू नको, तुझ्या फोटोत दोन-तीन जणांचे कल्ले उघडे दिसतायत, मला ते बघवलं नाही. परका असला तरी तो स्वतः चालत आलेला नाही. छोटा जड दांडका ठेव, डोळ्यांच्या जरा मागे डोक्यावर एकच ठाम फटका, मग कल्ल्यांच्या कमानी कापून रक्त जाऊ दे. स्नेकहेड, मांगूर यांच्यासारखे मासे हवेत श्वास घेतात, ओल्या पोत्यात तासन्‌तास जिवंत राहतात, मेला समजून गाडीत टाकशील आणि तो पुढच्या ओढ्यात पोहोचेल, म्हणून त्यांचे कल्ले कापल्याशिवाय काठ सोडायचा नाही. तिलापियाची मादी अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरते आणि गळ लागला की घाबरून सगळी बाहेर टाकते, तेव्हा तिला पाण्यावर लटकवत ठेवू नको, पटकन बादलीवर घे. समुद्रातल्या लायनफिशच्या वाट्याला कधी गेलास तर त्याचे १८ काटे विषारी असतात, टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. तसा तो गळाला क्वचितच लागतो, त्याला पाण्यात उतरून भाल्यानेच काढतात.

कायदा तेवढा बघून घे, कुठे परका मासा परत सोडणं गुन्हा, कुठे तो जिवंत बाळगणं गुन्हा, कुठे मुळात गळ टाकायलाच परवाना. यात मी काय सांगणार, जिथे उभा आहेस तिथला नियम तिथेच विचार.

आणि तो राग जरा कमी कर. "घुसखोरांना सोडणार नाही" वगैरे. नॉर्दर्न स्नेकहेड २००२ मध्ये मेरीलँडच्या एका तळ्यात सापडला तेव्हा केवढा गहजब, पेपरात राक्षस म्हणून छापून आला, तळ्यात विष टाकून सगळे मासे मारले, आणि दोनच वर्षांत तो पोटोमॅक नदीत सापडला. पण त्याचीच चुलत जात म्हणजे आपली मरळ, ती इथली, तिला कोणी राक्षस म्हणत नाही. कार्पचं पण तसंच, डॅन्यूबमध्ये तो घरचा. मासा वाईट नसतो, पाणी चुकीचं असतं. रागात माणूस नीट बघत नाही हा खरा प्रॉब्लेम. स्नेकहेडच्या भीतीपोटी लोकांनी बोफिन मारले, जो अमेरिकेतलाच जुना मासा. दोघं लांबट, दोघांचा पाठीवरचा पर लांब, पण स्नेकहेडचा पोटाखालचा मागचा पर पण लांबलचक असतो आणि बोफिनचा आखूड. एक पर बघायचा, बास. देशी मागूर आणि आफ्रिकन मांगूर यांचंही तसंच, वरून बघितलं तर सारखेच, डोक्यामागच्या हाडाचा आकार बघावा लागतो. म्हणून सवय लाव, मारायच्या आधी प्रत्येक माशाचा आडवा फोटो, पर उघडून, शेजारी पट्टी. खात्री नसेल तर तो मासा पाण्यात. एक परका सुटला तर पुढच्या रविवारी परत मिळेल, एक मूळचा मारलास तर तो गेला.

यावरूनच तो कोपऱ्यातला मासा. बाकीच्यांपेक्षा तोंड बारीक वाटतंय, आणि शेपटीच्या मुळाशी एक काळा ठिपका दिसतोय मला, का गवताची सावली आहे कळत नाही, चष्मा लावून पण कळलं नाही. त्याचा जवळून काढलेला फोटो असेल तर आज रात्रीच पाठव. मासा अजून ठेवला असशील तर टाकू नको, बर्फात घाल, उद्या सकाळी मी येतो बघायला. येताना वही आणतो, माझ्याकडे एक कोरी पडलीये.

काका