दीड इंची की दोन इंची? सायलेन्सरच्या पाइपबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी 1.2 लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे, ताकद 85 हॉर्सपॉवर. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा डबा) मागचा मूळ पाइप बाहेरून दीड इंची होता. एका गॅरेजमध्ये तो सगळा दोन इंची करून घेतला. आवाज भारदस्त झाला, पण कसारा घाटात जिथे गाडी तिसऱ्यावर चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो. गॅरेजवाले म्हणतात, ‘बॅक प्रेशर गेलं.’ हे खरं का? (वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : इंजिनाला बॅक प्रेशर, म्हणजे पाइपमधल्या अडथळ्याचा उलटा दाब, लागतो हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. जळालेला वायू बाहेर ढकलण्यात पिस्टनची जेवढी ताकद जाते, तेवढी चाकांना कमीच मिळते. इंजिनाला हवा असतो तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की गरम वायूचा एक ठोका पाइपमध्ये सुटतो. तो झपाट्याने पुढे गेला तर त्याच्या पाठीमागे दाब उतरतो, आणि दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात तेव्हा सिलिंडरमधला उरलासुरला वायू त्या ओढीने निघून जातो. जागा साफ झाली की ताजी हवा जास्त शिरते.

आता तुमच्या पाइपचा हिशेब मांडू. पत्रा दीड मिमीचा धरला तर दीड इंची पाइप आतून 35 मिमी भरतो आणि दोन इंची 48 मिमी. क्षेत्रफळ पहिल्याचं 962 चौरस मिमी, दुसऱ्याचं 1810. व्यास चार सूतच (अर्धा इंच) वाढला, पण वायूची वाट जवळपास दुप्पट झाली. 2000 आरपीएमला, पूर्ण अॅक्सिलरेटरवर, हे इंजिन सेकंदाला साधारण 17 लिटर हवा घेतं. पाइपमध्ये 400 अंशांवर तिचे 41 लिटर होतात. दीड इंची पाइपमध्ये हा वायू सेकंदाला 42 मीटरने पळतो, दोन इंचीत 22-23 मीटरने. वेग निम्म्यावर आला, वायू वाटेतच थंड झाला आणि ओढ ढिली पडली. 6000 आरपीएमला वायू भरपूर असतो, तिथे हाच पाइप बरा वाटेल. पण घाटात आणि शहरात गाडी 6000 ला चालवतं कोण?

मात्र एक सांगणं महत्त्वाचं आहे. ओढीचं खरं काम मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या नळ्यांमध्ये, होतं. कॅटच्या मागे पाइप बदलून खालच्या आरपीएमला पडणारा फरक थोडासाच असतो. एक गिअर पाडावा लागतो म्हणजे बहुतेक कुठेतरी गळती आहे. काम करताना पुढची फ्लँज (पाइप जोडायची चकती) हलली असेल आणि जुनंच गॅस्केट पुन्हा बसवलं असेल, तर ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवतो, मग पिकअप जातो आणि अॅव्हरेजही. तपासणी सोपी आहे: इंजिन गार असताना सुरू करा, शेपटाच्या तोंडाशी जाड ओलं फडकं काही सेकंद दाबून धरा आणि मदतनिसाला प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडायला सांगा. फेस फुगेल तिथे गळती. जोडाभोवती काळी काजळी दिसली तरी तेच समजा. हे मोकळ्या जागेत करा, बंद गॅरेजमध्ये नाही.

गळती काढूनही समाधान झालं नाही तर पावणेदोन इंची पाइप घाला. अंदाजाचा ठोकताळा असा की आतल्या एका चौरस इंचाला, म्हणजे 645 चौरस मिमीला, साधारण 50 हॉर्सपॉवर. 85 ला 1.7 चौरस इंच लागतात. पावणेदोन इंची पाइप आतून 2.1 देतो, म्हणजे पुरून उरतो. दोन इंची पाइप 140 हॉर्सपॉवरच्या इंजिनाचा आहे. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. इथे हवेचा दाब 7 टक्क्यांनी कमी, त्यामुळे टर्बो नसलेलं इंजिन वायूही तेवढा कमीच बाहेर टाकतं.

प्रश्न : 1.5 लिटर, चार सिलिंडरची सेडान आहे. आरपार सायलेन्सर बसवल्यापासून समृद्धी महामार्गावर 2400 आरपीएमला कानात घूं घूं घुमतं, डोकं दुखतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे काही नाही. (वाचक, सिन्नर)

उत्तर : चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन ठोके पडतात. 2400 आरपीएमला सेकंदाला 80. पाइप आणि केबिन त्याच सुरावर घुमतात. आरपार सायलेन्सरमध्ये जाळीदार नळीभोवती काचेची लोकर असते. ती चिरका, उंच आवाज खाते, खर्जाला हातही लावत नाही. कंपनीच्या सायलेन्सरमधले कप्पे हा खर्जच मारायला बनवलेले असतात. पाइप आणखी मोठा केला तर घुमणं वाढेल.

कप्प्यांचा सायलेन्सर परत लावणं हा सोपा मार्ग. आरपारच ठेवायचा असेल तर मुख्य पाइपला त्याच व्यासाची, एका टोकाला बंद असलेली नळी फांदीसारखी जोडा. आवाजाची लाट तिच्यात शिरते, बंद टोकाला आपटून उलटी येते आणि मुख्य लाटेला मारते. लांबी लाटेच्या चौथाईएवढी हवी. अशा फांदीतल्या 200 अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला 436 मीटर धावतो. 436 भागिले 80, भागिले 4, म्हणजे 1.36 मीटर. पण खरं तापमान कोणी मोजलेलं नसतं, म्हणून सुरुवात दीड मीटरने करा आणि बंद टोक क्लँपवर सरकतं ठेवा. गाडी चालवून कोणत्या आरपीएमला शांत होतं ते बघा. 5 सेंमी आत सरकवलं की तो बिंदू साधारण 90 आरपीएमने वर जातो. जागा सापडली की मगच वेल्डिंग. फांदी वळवून मूळ पाइपच्या कडेने न्या, आणि रबर हँगर तिलाही द्या, नाहीतर जोडाशी तडा जातो.

प्रश्न : 1 लिटर टर्बो पेट्रोलला मोठा पाइप चालेल का? आणि शेपटाच्या तोंडाला 4 इंची टिप लावून काही होतं का? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : टर्बोच्या मागे गणित वेगळं. टर्बाइनच्या पुढे-मागे दाबाचा फरक जितका जास्त तितकी ती लवकर फिरते, म्हणून मागचा पाइप मोकळा असलेला चांगला. पण बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब) किती ठेवायचा हे ईसीयू ठरवतो, त्यामुळे नुसत्या पाइपने फार काही हाती लागत नाही. ठोक्यांची धार टर्बाइनच बोथट करते, तेव्हा आवाजाचीही मोठी अपेक्षा ठेवू नका. टिपने ताकदीत काहीच फरक पडत नाही.

कॅट मात्र कोणत्याही गाडीचा काढू नका. नव्या कारला आवाजाची मर्यादा 74 डेसिबल आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ बनावटीत फेरफार करता येत नाही, आणि आवाज-प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

प्रश्न : गाडी 1 लाख 20 हजार किमी झाली. वरच्या आरपीएमला दम लागतो. पाइप मोठा करू का? (वाचक, सातपूर)

उत्तर : आधी मोजा, मग पैसे घाला. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात (बहुतेक गाड्यांत आटे एम 18, पिच 1.5) दाबाचा गेज बसवा. इंजिन गरम, आयडलला 1.25 पीएसआयच्या आत आणि 2500 आरपीएमला 3 च्या आत काटा राहिला तर पाइप मोकळा आहे, दोष दुसरीकडे शोधा. काटा वर गेला तर कॅटच्या मागची फ्लँज ढिली करून पुन्हा बघा. तरीही उतरला नाही तर कॅट चोंदला आहे. उतरला तर मागे कुठेतरी अडलं आहे. सायलेन्सरवर रबरी हातोडी मारा. आतली पट्टी सुटली असेल तर खुळखुळ ऐकू येते.

बेंडही हाताने चाचपा. साध्या मशीनवर वाकवलेला पाइप वळणाच्या आत सुरकुततो आणि चपटा होतो. व्हर्नियर लावलं तर 38 मिमीचा पाइप तिथे 30 मिमीपर्यंत दबलेला सापडू शकतो. असं असेल तर व्यास तोच ठेवून फक्त ती वळणं मँड्रेल बेंडची करा, म्हणजे आत दांडा घालून वाकवलेली, गोलाई न दबलेली. पत्रा एसएस 304 (स्टेनलेस स्टील), दीड मिमी, आर्गन वेल्डिंग. जोडायच्या आधी आतून बोट फिरवा. वेल्डिंगचा मणी आत लोंबत असेल तर घासून काढायला सांगा, पैसे त्यानंतर द्या.