वाढ तीन टक्के, हातात दोनच का? पेन्शनरांच्या महागाई वाढीबद्दल प्रश्नोत्तरे

प्रश्न : जुलै २०२५ पासून महागाई भत्ता तीन टक्क्यांनी वाढला असं वाचलं होतं. माझी पेन्शन मात्र दोन टक्केही वाढलेली नाही. बँकेची चूक आहे का? (टपाल खात्यातून निवृत्त)

बँकेची चूक नाही, बातमीच्या मथळ्याची गंमत आहे. हे तीन टक्के तुमच्या मूळ पेन्शनवरचे असतात, महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या रकमेवरचे नव्हेत. समजा, मूळ पेन्शन २०,००० रुपये. आधीच्या ५५ टक्के दराने महागाई वाढ (पेन्शनरांच्या महागाई भत्त्याचं नाव) ११,००० होती, म्हणजे एकूण ३१,०००. दर ५८ टक्के झाला तेव्हा ती ११,६०० झाली आणि एकूण रक्कम ३१,६००. एकतीस हजारांवर सहाशे म्हणजे जेमतेम १.९ टक्के. वेतन आयोग जुना होत जातो तसतसा जाहीर झालेल्या प्रत्येक टक्क्याचा प्रत्यक्ष परिणाम असा बारीक होत जातो.

एक गोष्ट मात्र जरूर तपासा. निवृत्त होताना एकरकमी पैसे घेऊन पेन्शनचा काही भाग विकला असेल, तरी महागाई वाढ विकण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते. वरच्या उदाहरणात ४० टक्के विकले असतील तर मूळ १२,००० उरेल, पण महागाई वाढ ११,६०० रुपयेच हवी. ती १२,००० वर मोजली असेल तर ६,९६० येईल, आणि तेव्हा बँकेला जाब विचारायलाच हवा. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो, त्या महिन्याची नोंदही स्वतःकडे ठेवा.

प्रश्न : हा आकडा कोण ठरवतं? औषधं, भाज्या, डॉक्टरची फी यांचा आणि या टक्क्यांचा काही संबंध आहे, असं वाटत नाही. (निवृत्त मुख्याध्यापिका)

संबंध आहे, पण तुमच्या घरखर्चाशी थेट नाही. केंद्राच्या कामगार विभागाचा लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतो. त्यासाठी देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांमधल्या किमती पाहिल्या जातात. बारा महिन्यांची सरासरी घेतात, ती २.८८ ने गुणून निर्देशांकाच्या जुन्या मालिकेत आणतात आणि २६१.४२ या पायापेक्षा ती किती टक्के वर गेली ते बघतात. हा पाया २०१५ सालच्या सरासरीचा आहे. जुलै २०२४ ते जून २०२५ या काळाची सरासरी साधारण १४३.६ होती. गुणून बघा, ५८.२ टक्के येतात. अपूर्णांक सोडून देतात, म्हणून ५८.

आता तुमच्या तक्रारीचं मूळ. हा निर्देशांक कामगार कुटुंबाच्या खर्चावर बेतलेला आहे. २०१६ च्या नव्या मालिकेत खाद्यपदार्थांचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, ४६ टक्क्यांवरून सुमारे ३९ वर आलं. औषधोपचार हे शिक्षण, प्रवास, करमणूक यांच्यासोबत 'इतर' या गटात बसतात, आणि त्या अख्ख्या गटाचं वजन सुमारे ३० टक्के आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा एकट्या औषधांचा खर्च किती असतो, हे तुम्हाला सांगायला नको. ज्येष्ठांसाठी वेगळा निर्देशांक असावा, असं माझं मत आहे. मात्र तसा निर्देशांक आला की वाढ जास्तच मिळेल, असं गृहीत धरू नका. घरभाडं, शाळेची फी असले खर्च त्यात हलके होतील.

दुसरं कारण बारा महिन्यांच्या सरासरीचं. भाव आज भडकले तर त्यांचा पूर्ण परिणाम दरात उतरायला वर्ष जातं. त्यात जानेवारीचा दर बहुधा मार्चमध्ये जाहीर होतो आणि जुलैचा सणासुदीच्या तोंडावर. तुम्ही राज्य सरकारच्या पेन्शनर असाल तर राज्याच्या शासन निर्णयाची वाट वेगळी पाहावी लागते. मधल्या महिन्यांची थकबाकी मिळते, पण त्या महिन्यांत खर्च खिशातूनच झालेला असतो.

प्रश्न : कोरोनाकाळातली अठरा महिन्यांची थकबाकी मिळेल का?

मिळेल या आशेवर कोणताही खर्च ठरवू नका. जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते केंद्राने गोठवले होते. १ जुलै २०२१ पासून दर १७ वरून एकदम २८ टक्के केला, पण मधल्या काळाचे पैसे दिले नाहीत. त्यातून सुमारे ३४,४०२ कोटी रुपये वाचल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे, आणि थकबाकी देणं शक्य नसल्याचंही.

प्रश्न : आठव्या वेतन आयोगात अडीच-पावणेतीनचा गुणक लागला तर पेन्शन जवळपास तिप्पट होईल ना?

नाही. हा हिशेब गेल्या आयोगावरून सहज कळतो. १ जानेवारी २०१६ ला गुणक, म्हणजे जुनी मूळ पेन्शन ज्याने गुणून नवी काढतात तो आकडा, २.५७ होता. पण त्या वेळी महागाई वाढ १२५ टक्क्यांवर पोचलेली होती, म्हणजे १०० रुपये मूळ पेन्शनवाल्याच्या हातात आधीच २२५ पडत होते. ते २५७ झाले. खरी वाढ १४ टक्क्यांच्या आसपास. आणि नवी पेन्शन लागू झाली त्या दिवशी महागाई वाढ शून्यावर आली.

त्यामुळे गुणकाचा कुठलाही आकडा कानावर आला की आधी त्या दिवशीची महागाई वाढ त्यातून बाजूला काढा. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली, आणि अहवालासाठी त्याला अठरा महिन्यांची मुदत आहे. तोवर फिरणारे तक्ते करमणूक म्हणून वाचा. पन्नास टक्के झाले की महागाई वाढ आपोआप मूळ पेन्शनमध्ये मिसळते, हाही असाच एक समज. २००४ मध्ये तसं विलीनीकरण झालं होतं खरं, पण सातव्या आयोगाच्या काळात दर पन्नासच्या पुढे गेला तरी ते झालेलं नाही.

प्रश्न : मी खासगी कारखान्यातून निवृत्त झालो. ईपीएफची पेन्शन मिळते, ती वर्षानुवर्षं तेवढीच आहे. आम्हाला महागाई नसते का?

तुमचा राग रास्त आहे. ईपीएस-९५ ची, म्हणजे ईपीएफच्या पेन्शन योजनेची, पेन्शन निर्देशांकाला जोडलेलीच नाही. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये केली, तीही किमतींबरोबर आपोआप वाढत नाही. सरकारी पेन्शनर दोन-तीन टक्क्यांसाठी भांडतो तेव्हा त्याच्याकडे निदान सूत्र असतं. तुमच्याकडे फक्त मागणी आहे. एनपीएसमधून (राष्ट्रीय पेन्शन योजनेतून) साठलेल्या रकमेवर घेतलेल्या वार्षिकीवरही, म्हणजे नियमित पेन्शनवरही, सरकार महागाई वाढ देत नाही. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या यूपीएसमध्ये (एकीकृत पेन्शन योजनेत) मात्र ती आहे, आणि त्या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट मला तीच वाटते.

प्रश्न : वडील केंद्राचे पेन्शनर आहेत, पुढच्या महिन्यात ८० वर्षांचे होतील. काही वेगळं करावं लागतं का?

ऐंशीव्या वर्षी मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा पेन्शन सुरू होते, आणि या जादा रकमेवरही महागाई वाढ मिळते. २०,००० मूळ पेन्शन आणि ५८ टक्के दर धरला तर ४,००० अधिक २,३२० रुपये. वाढदिवस महिन्याच्या शेवटी असला तरी हक्क त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून. फक्त वडिलांच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जन्मतारीख आहे का ते आजच बघा. जुन्या पीपीओंवर पुष्कळदा ती नसते, आणि मग बँक आपण होऊन काही करत नाही. नसेल तर जन्मतारखेच्या पुराव्यासह बँकेमार्फत त्यांच्या पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.