वाचक विचारतात: वरच्यानं खालच्याला पाणी का सोडावं?

गेल्या अंकात आपण इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या जातिलुवीह गावाचा फोटो छापला होता, डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, 2012 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. मला वाटलेलं लोक हॉटेलं आणि तिकिटं विचारतील, पण सोलापूर जिल्ह्यातली पत्रं म्हटल्यावर निम्म्याहून जास्त प्रश्न पाण्याचेच निघाले. मग तेच आधी घेते.

ताई, गाव डोंगरावर म्हणजे पाणी वरून खाली येणार. मग पहिलाच शेतकरी सगळं धरून ठेवत नाही का? आमच्या चारीवर टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचतच नाही, वरच्यांच्या मोटारी चालू. (एक शेतकरी, मोहोळ तालुका)

धरून ठेवू शकतो की, अडवणारं कोण आहे! पण तिथं पाणी एकट्याचं नसतं, सुबकचं असतं. सुबक म्हणजे एका बंधाऱ्यावर किंवा एका पाटावर भिजणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांची मंडळी, बालीत अशा साधारण 1,200 आहेत, एकेकात पन्नासपासून चारशेपर्यंत शेतकरी. मजा अशी की सुबकची हद्द गावाच्या हद्दीवर ठरत नाही, पाण्यावर ठरते, म्हणजे एकाच गावातले दोघं भाऊ वेगवेगळ्या सुबकात असू शकतात. प्रमुखाला पकासेह म्हणतात, त्याला सभासदच निवडतात. बैठकीत जमीन जास्त म्हणून मत जास्त असं नाही, माणशी एक मत.

आणि वाटणी कशी करतात बघा, मला तर हेच फार आवडलं. पाट जिथं फुटतो तिथं लाकडाचा ओंडका आडवा टाकतात (आता बऱ्याच ठिकाणी सिमेंटचा असतो), त्याला खाचा पाडलेल्या, खाच जेवढी रुंद तेवढं पाणी तिकडं जाणार. माप बोटांचं. गेट नाही, चावी नाही, रात्री दोनला उठून कुणी फिरवायला काही नाहीच, आणि कुणी खाच मोठी केली तर दिवसाउजेडी सगळ्या गावाला दिसते. ज्याच्या वाट्याला जास्त पाणी त्यानं पाट साफ करायला, बंधारा दुरुस्त करायला जास्त राबायचं, नाही जमलं तर पैसे भरायचे. नियम लिहिलेले असतात, दंडही असतो. हे सगळं जुनं किती, तर बालीतल्या नवव्या शतकातल्या ताम्रपटांत पाण्यासाठी डोंगरात बोगदे खणणाऱ्या कारागिरांचा उल्लेख सापडतो.

नियम काय आमच्याकडं पण आहेत. वरचा माणूस ते पाळतो का, ते सांगा. (तेच मोहोळकर, पुढच्या ओळीत)

बरोबर पकडलंत. नुसत्या नियमानं आणि देवाच्या भीतीनं कुणी पाणी सोडत नाही, वरच्याला खालच्याची गरज लागते म्हणून सोडतो, आणि ती गरज आहे किडीची. भातावर तपकिरी तुडतुडे येतात, उंदीर येतात. शेजारच्यांनी मागंपुढं लावणी केली तर कीड एका शेतातनं दुसऱ्या शेतात वर्षभर जेवत फिरते. पण सगळ्यांनी एकदम लावलं, एकदम कापलं आणि एकदम रान मोकळं ठेवलं की तिला खायलाच राहत नाही. आता खालच्याला वेळेवर पाणीच मिळालं नाही तर तो उशिरा लावणार, आणि त्याच्या रानातली कीड वरच्याकडं येणार. म्हणून वरचा पाणी सोडतो. पुण्य म्हणून नाही हो, स्वतःच्या पिकासाठी.

हे 1970 च्या दशकात फार महागात कळलं. सरकारनं नवीन झटपट येणारं बियाणं, खतं, फवारण्या दिल्या आणि सांगितलं की ठरलेलं वेळापत्रक सोडा, जमेल तितक्या वेळा भात घ्या. सुरवातीला पीक वाढलं, मग पाण्याची ओढाताण सुरू झाली, तुडतुड्यांनी शेतंच्या शेतं बसवली, औषध मारावं तर तुडतुडे खाणारे कोळीच आधी मरायचे. शेवटी 1986 मध्ये इंडोनेशिया सरकारनं भातावर वापरायची 57 कीटकनाशकं एका फटक्यात बंद केली. स्टीफन लान्सिंग नावाचे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा बालीत काम करत होते, त्यांनी जेम्स क्रेमर या पर्यावरणशास्त्रज्ञाबरोबर ओस आणि पेतानू नद्यांमधल्या 172 सुबकांचं गणित कॉम्प्युटरवर मांडलं (हा भाग जातिलुवीहचा नाही, पण पद्धत तीच). निघालं असं की प्रत्येकानं आपापल्या मर्जीनं लावलं तर कीड मारते, सगळ्या खोऱ्यानं एकाच दिवशी लावलं तर पाणी पुरत नाही, आणि मधला जो मेळ उत्पन्नाला सगळ्यात चांगला, तो पाण्याच्या देवळांत (सुबकांची सामाईक देवळं, पूजेबरोबर लावणीच्या वेळाही तिथंच ठरतात) बसून शेतकरी जो ठरवत आले त्याच्या अगदी जवळ जातो. म्हणजे इंजिनिअर लोक ज्याला पूजापाठ समजून सोडून देत होते ते वेळापत्रक होतं.

हे उजनीच्या कालव्यावर चालेल का? (मंगळवेढा आणि माढा, दोन वेगळ्या पत्रांत हाच प्रश्न)

जसंच्या तसं नाही चालणार, खोटी आशा कशाला दाखवू. एक तर त्या डोंगरावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडं पाचशे-साडेपाचशे पडला तरी लोक पेढे वाटतील, आणि उजनी धरण मायनसमध्ये गेल्याच्या, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचंच उरल्याच्या बातम्या आपण बऱ्याच उन्हाळ्यांत वाचतो. दुसरं म्हणजे ऊस. वरच्याच्या रानात बारा-अठरा महिने ऊस उभा आणि खालच्याची ज्वारी, तर खालच्यानं ज्वारी कधी पेरली याच्याशी वरच्याला काय देणंघेणं? त्याला खालच्याची गरजच नाही, आणि मी वर जे सांगितलं त्याचा पायाच निघून गेला.

पण हे काहीतरी परदेशी खूळ आहे असंही समजू नका. धुळे-नाशिककडं पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत होती, अजून थोडीफार आहे. नदीवर दगडी बंधारा, खालच्या रानाचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक आणि पाणी द्यायला गावानंच नेमलेला पाटकरी. एका फडात एकच पीक, हीच मला वाटतं किल्ली आहे. आपल्याकडं 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्था झाल्या, पण संस्थेला पाणी मोजून मिळालं तरी आत प्रत्येकाचं पीक वेगळं आणि प्रत्येकाची घाई वेगळी. एखाद्या पोटचारीवरच्या वीस-पंचवीस जणांनी एक हंगाम ठरवून एकच रब्बी पीक घेऊन बघितलं तर काय होतं, हे मला खरंच बघायचंय. कुणी करत असाल तर लिहा.

तिथले लोक खरंच हिंदू आहेत का? शेतात नैवेद्य ठेवतात असं ऐकलं. (एक गृहिणी, पंढरपूर)

हो ताई, देश मुस्लिमबहुल पण बाली हिंदूबहुल. भाताची देवी देवी स्री, म्हणजे आपली श्रीच, तिचं छोटं देऊळ बांधावर असतं, लावणीपासून कापणीपर्यंत प्रत्येक टप्प्याला तिला काही ना काही. आपण येळवसला रानात नैवेद्य घेऊन जातो ना, तो एक दिवस, त्यांचं हंगामभर चालू. मात्र तुळशीची माळ डोळ्यासमोर आणू नका, सणाला अख्खं डुक्कर भाजतात.

जमीन किती असते आणि भागतं का? हॉटेलवाल्यांना विकून मोकळे का होत नाहीत? (एक विद्यार्थी, सोलापूर)

जमीन अगदीच थोडी, बहुतेकांची अर्ध्या हेक्टरच्या आत, म्हंजे सव्वा एकरही नाही. मोजतात ‘आर’मध्ये, एक आर शंभर चौरस मीटर, आपल्या गुंठ्याएवढाच जवळजवळ. बरेच जण दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतात. नुसत्या भातावर भागत नाही, म्हणून गाय, डुकरं, बदकं (कापणी झाली की बदकं खाचरात सोडतात, ती किडे-गोगलगाई खातात), आणि पोरं शहरात नाहीतर हॉटेलात कामाला. जातिलुवीहचा लाल तांदूळ जुना गावठी वाण आहे, उंच वाढतो, पाच महिन्यांच्या वर घेतो पण भाव बरा मिळतो.

आणि विकतात की, विकत नाहीत असं कुठंय! परदेशी माणसाला तिथं जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, पण पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं व्हिला उभे राहतात, आणि मधल्या एकानं पाट बुजवला की खालच्या दहा जणांचं भात गेलं. जातिलुवीह टिकलंय कारण युनेस्कोचा शिक्का आहे, लोक तिकीट काढून शेत बघायला येतात. आता फोटो काढायला येणारे वाढले आणि चिखलात उतरणारे कमी झाले तर काय करायचं, हा त्यांचा आजचा प्रश्न आहे, आणि खाचरासमोर हॉटेल काढणारा आणि खाचर कसणारा हे दोघं एकच असतीलच असं नाही.

कधी जावं? (तीन-चार पत्रं)

लाल भात पिवळा झालेला बघायचा तर जूनच्या आसपास, कापणीनंतर गेलात तर चिखल आणि बदकं दिसतील. देनपसार शहरापासून गाडीनं साधारण दोन तास. व्हिसा विमानतळावर उतरल्यावर मिळतो, 30 दिवसांचा, पाच लाख रुपिया लागतात, आकडा बघून घाबरू नका, आपल्या तीन हजारांच्या आतबाहेर. बांधावरनं चालताना एकामागं एक चाला, आणि पाटातला तो लाकडी ओंडका दिसला तर फोटो काढा पण त्यावर पाय देऊ नका.