हळद-बेदाणा बाहेर पाठवायचाय, विमान की जहाज?

भावा, नुसता किलोचा रेट विचारून हुरळू नको. विमानाला काट्यावरचं वजन एक आणि बॉक्सच्या मापाचं एक, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमधी, भागिले 6000, ज्यात जास्त येईल त्याचे पैसे लावतात, म्हणून फुगीर पॅकिंग केलंस की गेलास. सांगलीची हळद, बेदाणा टिकणारा माल हाय, घाई कशाला, न्हावाशेव्यावरनं जहाजानंच जाऊदे. कंटेनर भरत नसंल तर एलसीएल, म्हंजे दुसऱ्यांच्या मालासंगं एकाच कंटेनरमधी, तिथं घनमीटर नायतर टन, जास्त भरेल त्याचं भाडं. आणि पलीकडच्या बंदरातले चार्जेस कोण भरणार ते आधी लेखी घे, स्वस्त भाड्याची गंमत तिथंच असते. सॅम्पलच्या दोन-चार किलोला मात्र सरळ कुरिअर कर.